२०९२ टप्पे

मी न्यू जर्सीला राहायला जाणार, हे अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही की थंडी किती असते ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "अंतर किती?"

मी फोनवर बघून सांगितलं, मुंबई ते न्यूअर्क साधारण १२,५५० किलोमीटर. त्यांनी पुढ्यातला पेपर ओढला, समासातल्या कोऱ्या जागेत भागाकार केला आणि म्हणाले, "दोन हजार ब्याण्णव टप्पे."

ज्यांच्या घरात कुणी एसटीत नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. एसटीचं भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं, आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. अप्पा तेहतीस वर्षं एसटीत होते. आधी कंडक्टर, नंतर चिपळूणला वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून माइकवरून "कराडकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे" असं सांगणारा तो जरा नाकातला आवाज माझ्या वडिलांचा. शाळेतून घरी जाताना स्टँडवरून गेलं की तो ऐकू यायचा आणि मैत्रिणी माझ्याकडे बघून हसायच्या. घरीही ते तसंच बोलत. आई देवळात गेली तर "आई सव्वासहाला सुटली, सातपर्यंत पोचेल."

त्यांच्या कामात दोन आकड्यांना महत्त्व होतं, अंतर आणि धाववेळ. अंतर एकदा मोजलं की मोजलं, त्यात वाद नाही. धाववेळ म्हणजे इथून तिथे पोचायला गाडीला द्यायचा वेळ, आणि सगळी भांडणं त्यावरून. वरून कागद यायचा की अमुक फेरीला इतकी मिनिटं. कागद लिहिणाऱ्याने पावसाळ्यात कुंभार्ली घाट पाहिलेला नसायचा. मग ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी येऊन ओरडायचे आणि अप्पा ऐकून घ्यायचे. चढतीला वेगळा वेळ, उतरतीला वेगळा. गणपतीत वेगळा, पाटणच्या बाजाराच्या दिवशी वेगळा. "अंतर बोर्डावर लिहायला असतं," ते म्हणायचे, "प्रवासी विचारतो ते, पोचणार कधी?"

मी गेले त्यानंतर अडीच-तीन वर्षांनी, २०१९च्या मे महिन्यात, अप्पा आणि आई आमच्याकडे आले. दोघांचाही पहिला विमानप्रवास. आईने लाडू, मेतकूट आणि माझ्या लेकीसाठी झबल्यासारखे दोन फ्रॉक आणले. अप्पांनी खिशातली डायरी आणली. विमानतळावर मिठी मारून होते न होते तोच त्यांनी ती उघडून माझ्यापुढे धरली. त्या पानाचा मी नंतर फोनवर फोटो काढून ठेवला, तो अजून आहे:

दार बंद २२.४८. हलली २३.०४. उडाली २३.३६. टेकली ०५.१० (इथली वेळ). थांबली ०५.३१. शेरा: समोरून वारा.

"आता सांग," ते म्हणाले, "किती वेळ लागला?"

घड्याळ बदलायचं विसरलं तर हिशोब सोपा आहे. रात्री अकराला निघाले, पहाटे साडेपाचला पोचले, साडेसहा तास झाले. चिपळूणहून मुंबईला रातराणी तेवढाच वेळ घेते. पण उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा), ते मिळवले की फलाट सोडल्यापासून फलाटाला लागेपर्यंत १५ तास ५७ मिनिटं. आणि चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत १५ तास ४ मिनिटं. उरलेली त्रेपन्न मिनिटं ते शेकडो कोटींचं यंत्र डांबरावरून रांगत होतं. मुंबईला धावपट्टीच्या रांगेत, न्यूअर्कला गेट रिकामं होण्याची वाट बघत.

मला वाटलं होतं या त्रेपन्न मिनिटांवर अप्पा चिडतील. झालं उलटंच. विमान कंपन्या वेळापत्रकात देतात तो वेळ हवेतला नसून गेटपासून गेटपर्यंतचा असतो, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. "बरोबरच आहे. फलाट सोडला की गाडी सुटली. पुढे नाक्यावर अडकली तो वेळ धाववेळेत धरावाच लागतो." वेळापत्रकाप्रमाणे विमान अकरा मिनिटं उशिरा आलं होतं. मी सांगितलं की हवाई वाहतुकीत पंधरा मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत, अशी विमानं वेळेवरच मोजतात. हे मात्र त्यांना पटलं नाही. दोन दिवस ते मधूनच म्हणत, "चौदा मिनिटं लेट, आणि वेळेवर!"

त्यांना कंपन्यांची आणखी एक खोड माझ्या आधी कळली. एकाच मार्गाचं जुनं आणि नवं वेळापत्रक शेजारी ठेवलं की वेळ वाढलेला दिसतो. विमानं हळू झालेली नाहीत, वेळापत्रकात वेळ जास्त धरायला लागलेत, म्हणजे उशीर झाला तरी दिसत नाही. अप्पा नुसतं हसले. "धाववेळ फुगवली. आमच्यातही करायचे काही जण."

आमच्या घरी लेकीसाठी आणलेला बारा इंची पृथ्वीगोल आहे. कुणाच्या तरी अंगणातल्या सेलमध्ये तीन डॉलरला मिळाला, त्यावर अजून सोव्हिएत युनियन आहे. एका दुपारी मी बाहेरून आले तर अप्पा, आई आणि लेक गोलाभोवती बसलेले. आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा अप्पांनी मुंबईवर अंगठ्याने दाबून धरला होता आणि लेक दुसरं टोक न्यूयॉर्कशी ओढत होती. प्रवासात सीटसमोरच्या पडद्यावर त्यांनी विमान वर वर जाताना पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. अमेरिका पश्चिमेला, तर हा उत्तरेला कशाला चढतोय?

दोरा सैल होता तोवर तो अरबस्तान, इजिप्त, अटलांटिक असा आपल्या मनातल्या रस्त्याने पडला होता. लेकीने ताणला तसा तो आपोआप वर सरकला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली कॅनडा आणि न्यूयॉर्क. अप्पांनी दोऱ्यावर पेनाने खूण केली, उचलला आणि शाळेच्या फूटपट्टीवर धरला. फुटाला किंचित कमी. मग भिंतीवरच्या सपाट नकाशावर त्याच दोन ठिकाणांना सरळ पट्टी लावली. त्या पट्टीच्या रेघेवरून खरोखर गेलं तर अंतर भरतं साधारण १४,२०० किलोमीटर, म्हणजे साडेसोळाशे जास्त. नकाशावर सरळ दिसतो तो रस्ता लांबचा आणि धनुष्यासारखा वाकडा दिसतो तो जवळचा. गोल कागदावर पसरायचा तर उत्तरेकडची जमीन ताणावी लागते, त्याचा हा परिणाम. हे सगळं मी भूगोलात शिकले होते, मार्कही मिळवले होते. पण ताणला की दोरा स्वतःच सरकून ग्रीनलंडकडे जातो, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते अप्पांच्या अंगठ्याखाली.

"म्हणजे आम्ही असे आलो?" आईने विचारलं.

तसे ते आले नव्हते. २७ फेब्रुवारी २०१९ला बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं होतं आणि ते १६ जुलैपर्यंत पूर्ण उघडलं नाही. आई-अप्पांचं विमान मुंबईहून उत्तरेला वळण्याऐवजी आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या अंगाला गेलं आणि मग वर चढलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागत होतं. अप्पांनी दोरा पुन्हा घेतला, ओमानजवळ एक टाचणी टोचायचा प्रयत्न केला (गोल प्लास्टिकचा, टाचणी वाकली) आणि बोटानेच वळसा दाखवला. "हे असं. वरंध बंद असला की महाडवाले पुण्याला ताम्हिणीनं जातात, तसं."

वाऱ्याचं त्यांना मीच सांगितलं, कारण 'समोरून वारा' हा शेरा त्यांनी पडद्यावरचा आकडा बघून लिहिला होता, पण त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. विमान उडतं त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात, जेट स्ट्रीम. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडची थंडी यांच्यातल्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून त्या तयार होतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात त्याहून बराच जास्त. त्यामुळे मुंबईहून न्यूअर्कला येताना लागतात पंधरा-सोळा तास आणि परत जाताना साडेचौदाच्या आसपास. विमान तेच आणि शहरंही तीच. जाणं चढतीचं आणि येणं उतरतीचं, एवढाच फरक.

यातलं सगळ्यात सुरस उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडिया आधी युरोप-अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेला प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेने वाढलं, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला, कारण आता वारा पाठीशी होता. मी हे सांगितल्यावर अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे ज्यानं सुचवलं ना, तो कधीतरी कंट्रोलला बसलेला असणार."

मग ॲव्हरेज. एसटीवाल्याला हा प्रश्न पडणारच. मुंबईहून न्यूयॉर्क-न्यूअर्कला जाणाऱ्या बोइंग ७७७ला तासाला साधारण सात-आठ टन इंधन लागतं. आम्ही चहा पीत हिशोब केला तो असा: सोळा तासांचे सव्वाशे टनांच्या आत-बाहेर, म्हणजे दीड लाख लिटर, म्हणजे एका किलोमीटरला बारा लिटर. "एका किलोमीटरला?" आईने चहाचा कप खाली ठेवला. पण विमानात तीनशे माणसं. माणशी धरलं तर एका लिटरला पंचवीसेक किलोमीटर, आपल्या छोट्या मोटारीत एकट्याने गेल्यापेक्षा वाईट नाही. अप्पांनी तेवढ्यात लाल डब्याचा हिशोब काढला, लिटरला साडेचार, माणसं चव्वेचाळीस, माणशी एका लिटरला दोनशे. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहण्यासारखं होतं. शिवाय त्या वेळचा साध्या गाडीचा दर टप्प्याला ७ रुपये ४५ पैसे. २०९२ टप्प्यांचे झाले साडेपंधरा हजार. विमानाच्या तिकिटात आणि त्यात किती फरक आहे ते त्यांनी दोनदा मोजलं. समुद्राचं काय करायचं यावर ते काही बोलले नाहीत.

जून महिन्यात एका रविवारी त्यांना रोझेलला घेऊन गेले. न्यूअर्क विमानतळापासून दहा-बारा किलोमीटरवरचं साधंसं गाव. आम्ही एडिसनला राहतो, तिथल्या ओक ट्री रोडवर वडापावपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं, पण रोझेलला जायला मराठी माणसाला एकच कारण. आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या त्या आधी इथे, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. त्यांना आनंदीबाई मावशी मानायच्या. दोघींची ओळख पत्रातून झालेली.

बघायला तसं काही नाही. झाडं, पायऱ्यांची लाकडी घरं, एक माणूस अंगणात गवत कापत होता. अप्पा फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांनी तारखा विचारल्या. कलकत्त्याहून बोट सुटली ७ एप्रिल १८८३ला, न्यूयॉर्कला लागली ४ जूनला. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "अठ्ठावन्न दिवस." मग, "मुंबईहून का नाही सुटल्या?" गोपाळराव पोस्टात होते आणि तेव्हा बदलीवर श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, म्हणून कलकत्ता. पोस्टातल्या माणसाची बायको, हे अप्पांना आवडलं. खात्यातल्या माणसाला खात्यातलाच माणूस जवळचा वाटतो.

मला तिथे उभं राहून जो प्रश्न पडला तो वेगळा. अठरा वर्षांच्या त्या मुलीला एक प्रश्न विचारून उत्तर मिळवायला कित्येक आठवडे लागायचे. पत्र जायचं, उत्तर यायचं, तोवर ज्या दुखण्याबद्दल लिहिलं ते बरं झालेलं असायचं किंवा वाढलेलं. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, नोव्हेंबरात क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत मुंबईला उतरल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायलाही महिना होता. त्यांच्या अस्थी मात्र परत समुद्र ओलांडून कार्पेंटरबाईंकडे आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात पुरल्या आहेत. कलकत्ता ते न्यूयॉर्क अठ्ठावन्न दिवस, हे लक्षात राहतं. त्या अस्थींना किती दिवस लागले ते कुणी मोजलं असेल?

वरून विमानं जात होती. अप्पा मान वर करून बघत होते. गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून आमच्याकडे बघायला लागला तेव्हा आम्ही निघालो.

त्यांचं परतीचं तिकीट जूनअखेरचं होतं. २० जूनला इराणने अमेरिकेचं ड्रोन पाडलं, आखातावरच्या आकाशात जायला अमेरिकी विमानांना मनाई झाली, पाकिस्तान आधीच बंद होतं, आणि आई-अप्पांची फेरी रद्द. दोन बाजूंनी दोन घाट बंद झाल्यावर गाडी काढायची कुठून! मी तीन रात्री फोन कानाला लावून बसले. त्या तीन रात्रींत ऐकलेली संगीताची धून मला आजही कुठे ऐकू आली तर घाम फुटतो. अप्पा शांत होते. "गाडी रद्द झाली की प्रवासी केबिनच्या काचेवर मुठी आपटतात. आतला माणूस काय करणार? पर्यायी गाडी कुठली ते विचार." पर्यायी गाडी फ्रँकफर्टमार्गे मिळाली.

इथे आकडे पुन्हा गमतीचे आहेत. न्यूअर्क–फ्रँकफर्ट साधारण ६,२०० किलोमीटर, फ्रँकफर्ट–मुंबई ६,५७०. बेरीज थेट अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरने जास्त, म्हणजे चिपळूण ते मुंबई. गोलावर फ्रँकफर्ट जवळजवळ वाटेतच आहे. पण वेळ लागला वीस तास, थेट विमानापेक्षा पाच-साडेपाच तास जास्त. अडीचशे किलोमीटरला पाच तास, हासुद्धा आमच्या हायवेचाच हिशोब झाला. अप्पांना मात्र गाडी बदलायला मिळाल्याचा आनंद झाला होता. फ्रँकफर्टच्या विमानतळावरचा बोर्ड त्यांनी पाऊण तास उभं राहून वाचला, असं आईने सांगितलं. "एवढ्या गाड्या आणि माइकवर एकही माणूस ओरडत नाही म्हणून बेचैन झाले होते."

पुढचं लिहायला मी बरेच दिवस टाळत होते.

२१ जुलै २०२१ची आमची संध्याकाळ म्हणजे चिपळूणची २२ तारखेची पहाट. आईचा मेसेज आला, "पाणी रस्त्यावर आलंय. वर जातोय." आमचं घर दुमजली, खाली आई-अप्पा राहतात, वर एक खोली आणि गच्ची. त्यानंतर फोन बंद. वाशिष्ठीला पूर येतो हे आम्हाला नवीन नाही, दुकानदार पावसाळ्यात माल फळीवर ठेवतातच. पण बातम्यांत दिसत होतं ते वेगळं होतं. स्टँड बुडाला होता. आगार व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड जवळ घेऊन एका एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून होते, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मी त्या फोटोत आमच्या घराच्या दिशेची झाडं शोधत होते.

एक्केचाळीस तास काही कळलं नाही.

त्या एक्केचाळीस तासांत मी पाच-सहा वेळा तिकीट काढायच्या पानापर्यंत गेले. नेहमीच्या विमानसेवा कोविडमुळे बंद होत्या, पण दोन देशांतल्या खास करारावर विमानं चालू होती, जागाही दिसत होत्या. पंधरा तासांत मुंबई. पण त्या वर्षी ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं होतं. नागरिकांना सूट, ग्रीन कार्डवाल्यांना सूट, इथे जन्मलेल्या लहान मुलांच्या आई-बापांना सूट. मी नोकरीच्या व्हिसावर. लेकीचा जन्म पुण्याचा. मी जाऊ शकत होते, परत कधी येईन ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि लेक सात वर्षांची होती. रात्री तीनला ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर होते. तिने पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू चाललीस?"

बारा हजार पाचशे पन्नास किलोमीटर जसे होते तसेच होते. त्या गोलावर दोरा ताणला असता तर तितकाच भरला असता.

फोन आला तो शेजारच्या कुणाच्या तरी नंबरवरून. अप्पांचा आवाज माइकवरचाच, घाईत, एकेक वाक्य सुटं. "आम्ही बरे. खालचं सगळं गेलं. आईला सर्दी आहे, बाकी काही नाही. पूल तुटलाय, परशुरामला दरड आलीय. तू निघू नकोस. मार्ग बंद आहे."

त्यांना अमेरिकेच्या नियमाचं काही माहीत नव्हतं. ते वाशिष्ठीच्या पुलाबद्दल बोलत होते. मी ओट्याला टेकून खाली बसले.

खालच्या कपाटात त्यांच्या सगळ्या डायऱ्या होत्या, कंडक्टर असल्यापासूनच्या. त्यांचा लगदा झाला. माझ्या फोनमधल्या फोटोची मी प्रिंट काढून पाठवली, तर त्यांनी कळवलं की त्यात 'टेकली'ची वेळ एक मिनिट चुकली आहे, त्यांना आठवतंय.

त्यानंतर त्यांनी टॅबवर विमानं बघायचं ॲप घेतलं. कोणतं विमान कुठून कुठे चाललंय ते जगभरातलं दिसतं त्यात. आता मला बातम्या त्यांच्याकडून कळतात. २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना नाही. अप्पांचा फोन: "एकाच स्टँडवरून सुटणाऱ्या दोन गाड्या, एकीला घाट मोकळा, दुसरीला बंद. आता दोघींचं अंतर तू एकच कसं म्हणशील?" २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामनंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली तेव्हा पाळी उलटली. त्यांनी मला दोन विमानांच्या रेघांचा फोटो पाठवला, एक सरळ कराचीवरून गेलेली, दुसरी समुद्रावरून वळसा घेतलेली. खाली लिहिलं होतं, "तीच गोष्ट."

जगात सगळ्यात लांबची नियमित विनाथांबा फेरी सिंगापूर–न्यूयॉर्कची, १५,३४९ किलोमीटर, अठरा-एकोणीस तास. ती अप्पा कधीमधी रात्री बघत बसतात. आई म्हणते, झोप येत नसली की त्यांना ते विमान लागतं.

२०२५च्या डिसेंबरात मी आणि लेक न्यूयॉर्कहून थेट मुंबईला आलो. सकाळी साडेअकराला निघालो, वारा पाठीशी होता, १५ तास २० मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत. सामान, रांगा, सगळं आटपून अडीचला टॅक्सीत बसलो. उरले अडीचशे किलोमीटर, एक्केचाळीस-बेचाळीस टप्पे.

मुंबई–गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, कोकणातल्या प्रत्येकाने आपापलं लिहिलेलं आहे. कशेडीला बोगदा झाल्यापासून तो घाट तरी सुटतो. पण माणगावला आम्ही उभे राहिलो ते राहिलोच. पुढे एक लग्नाची गाडी, तिच्यातल्या मुली उतरून रस्त्याकडेला सेल्फी काढत होत्या, कलिंगडवाला दर गाडीच्या काचेशी येऊन जात होता. लेक म्हणाली, "मम्मा, आपण ग्रीनलंडवरून किती पटकन गेलो." ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे बघितलं. पंचविशीतला पोरगा, पहाटे पाचपासून गाडीवर होता.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दहा-चाळीस. विमानाने तासाला आठशे किलोमीटर कापले होते, आम्ही तीस. अप्पा फाटकात उभे होते, डोक्याला मफलर, हातात टॅब. विमान टेकल्यापासून त्यांना माझं काही दिसत नव्हतं, ॲपमध्ये टॅक्सी दिसत नाही. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं.

"माणगावला किती गेला?"

"पावणेदोन तास."

"वाटलंच. मी दोन धरला होता." मग ते टॅक्सीच्या खिडकीशी गेले आणि वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "जेवलास का?"

तो म्हणाला, खातो काका वाटेत काहीतरी, लगेच परत निघायचंय.

"वाटेत आता काही उघडं नाही. गाडी आत घे. आधी जेव, तासभर आडवा हो, मग सोडतो तुला." आणि घराकडे वळून आईला हाक मारली, "अगं, ड्रायव्हरचं पान आधी वाढ."

आमच्या बॅगा मी आणि लेकीने ओढत आत आणल्या.